रात्र रात्रीसारखी दिसायला हवी: रोजच्या वापराच्या एका छोट्या कॅमेऱ्याची पारख

भाची डोंबिवलीत राहते आणि मुंबईत आर्किटेक्चर शिकते. इंटर्नशिपचे पैसे हातात आले तेव्हा तिला रोज बॅगेत टाकून नेता येईल असा छोटा डिजिटल कॅमेरा घ्यायचा होता. बजेट वीस हजार, ताणून बावीस. फोन तिच्याकडे चांगला आहे, मुख्य कॅमेरा ५० मेगापिक्सेलचा. मग आणखी कॅमेरा कशाला, हा तिच्या आईचा पहिला प्रश्न होता आणि शेवटचाही तोच. मी कॅमेऱ्यांत रमणारा माणूस, त्यामुळे निवाडा माझ्याकडे आला. काय तपासलं, कशाला किती वजन दिलं आणि शेवटी काय ठरलं ते सविस्तर लिहितोय, कारण हाच प्रश्न घेऊन सध्या बरीच मुलं आणि त्यांच्याहून जास्त त्यांचे आईवडील फिरताना दिसतात.

बाजाराची स्थिती आधी सांगतो, नाहीतर वीस हजारांत एवढं डोकं का लावावं लागलं ते कळणार नाही. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० साली जगभरात बारा कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले आणि त्यातले बहुतेक खिशात मावणारे कॉम्पॅक्ट होते. २०२३ मध्ये कॉम्पॅक्टचा आकडा सतरा लाखांच्या आसपास आला. फोनने हा धंदा खाल्ला. मग तरुण मुलांमुळे मागणी परत आली, पण तोवर कंपन्यांनी स्वस्त मॉडेल्स बंद करून टाकली होती. आता नवं काही घ्यायचं तर एकतर महागडे कॅमेरे, नाहीतर अगदी प्राथमिक. कोडॅकच्या नावाने जे छोटे कॅमेरे मिळतात ते नावाचा परवाना घेतलेली जेके इमेजिंग ही कंपनी विकते. मूळ कोडॅकने २०१२ मध्येच डिजिटल कॅमेऱ्यांतून अंग काढून घेतलं. २०२५ मध्ये कॅननने तर आपला २०१६ चा एक कॉम्पॅक्ट जवळपास जसाच्या तसा पुन्हा बाजारात आणला. मोठा बदल काय, तर एसडी कार्डाच्या जागी मायक्रोएसडी. नऊ वर्षांपूर्वीचा माल नवा म्हणून खपतो, एवढ्यावरून मागणी आणि पुरवठ्याचा अंदाज यावा.

आधी नावडते फोटो

कुठला कॅमेरा घ्यायचा याची चर्चा मी सुरुवातीला होऊच दिली नाही. तिला म्हटलं, "फोनमधले तुला न आवडलेले फोटो एका फोल्डरमध्ये टाक. आवडलेले नकोत." कॅमेऱ्याची पारख नेहमी उलट्या टोकाने सुरू होते असं मला वाटतं. आपल्याकडे आधीच एक कॅमेरा आहे, तो दिवसाचे फोटो उत्तम काढतो आणि फुकट काढतो. प्रश्न फक्त तो कुठे कमी पडतो एवढाच आहे. बाकीच्या बाबतीत नवा कॅमेरा कितीही चांगला असला तरी ते पैसे वाया.

फोल्डर आलं. मला वाटलं होतं झूमच्या तक्रारी असतील. एकही नव्हती. वाईट ठरवलेले जवळपास सगळे फोटो संध्याकाळनंतरचे होते आणि बहुतेकांत माणसं होती: कॉलेजच्या फेस्टमधली, चहाच्या टपरीवरची, ढोल-ताशा पथकाच्या सरावातली, सोसायटीच्या गच्चीवरची. तांत्रिकदृष्ट्या त्यांत फारसं वावगंही नव्हतं. मी तसं म्हणालो तर ती म्हणाली, "मामा, नीट बघ ना. यात रात्र रात्र दिसतच नाही."

ते बरोबर होतं. फोन एका क्लिकमध्ये अनेक फोटो घेतो, ते एकावर एक बसवतो, सावल्या उचलतो, दिवे दाबतो, चेहऱ्यावरचे कण (कमी प्रकाशात फोटोला येणारी खरखर) पुसतो. रात्री साडेनऊला पिवळ्या दिव्याखाली उभ्या असलेल्या तीन मुली ढगाळ दुपारी उभ्या असाव्यात तशा दिसत होत्या. त्वचा मेणाची. मागची अंधारी गल्लीसुद्धा उजळलेली. दुसरी तक्रार हलणाऱ्या गोष्टींची. पथकाच्या फोटोंत हातांचे पंखे झाले होते, चेहरे मात्र स्वच्छ, त्यामुळे ते आणखी विचित्र दिसत.

तिसरी गोष्ट फोटोत दिसत नव्हती, बोलताना निघाली. फोटो काढायला फोन काढला की मेसेज दिसतो, मेसेज दिसला की उत्तर दिलं जातं आणि फोटो राहतो. शिवाय ग्रुपमध्ये फोन दुसऱ्याच्या हातात द्यायचा म्हणजे आपलं सगळं खाजगी आयुष्य त्याच्या हातात द्यायचं. कॅमेरा सगळ्यांच्या हातून फिरू शकतो. ही गरज मला मेगापिक्सेलपेक्षा खरी वाटली.

चार उमेदवार

पहिला म्हणजे फोन, तो होताच. त्याला स्पर्धेत ठेवल्याशिवाय बाकीच्यांची परीक्षा प्रामाणिक होत नाही.

दुसरा एका शॉपिंग साइटवरचा, पाच हजारांच्या आतला "४८ मेगापिक्सेल, ऑटोफोकस, १६ एक्स झूम" असं मोठ्या अक्षरांत मिरवणारा. तिच्या मैत्रिणीने तो घेतला होता म्हणून बघायला मिळाला. या जातीच्या कॅमेऱ्यांत सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, वेबकॅमच्या लायकीचा असतो. तो देतो ते चित्र सॉफ्टवेअरने ताणून ४८ मेगापिक्सेलची फाइल बनवली जाते. झूमही डिजिटल, म्हणजे मधला तुकडा कापून मोठा केलेला. ओळखायची सोपी खूण: कॅमेरा चालू केला आणि लेन्स जागची हललीच नाही, तर १६ एक्स येणार कुठून? आणि फ्लॅशच्या जागी एलईडीचा दिवा असेल तर तो फोनमध्येही आहेच. हा उमेदवार पाच मिनिटांत बाद झाला. त्याच्यावर याहून जास्त लिहिण्यात अर्थ नाही.

तिसरा सोनी आरएक्स१००, २०१२ चं पहिलं मॉडेल, वापरलेला. हा माझा लाडका, ते आधीच सांगून टाकतो. सिगारेटच्या पाकिटापेक्षा थोडा मोठा, बॅटरी-कार्डासकट २४० ग्रॅम. आत १३.२ बाय ८.८ मिमीचा, २० मेगापिक्सेलचा सेन्सर आणि पुढे २८ ते १०० मिमीची झाइस नावाची लेन्स, रुंद टोकाला एफ १.८ (मिमीचा आकडा लहान तितकं दृश्य रुंद, एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं). हा आला तेव्हा खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यात एवढा मोठा सेन्सर आणि एवढी उजळ झूम लेन्स एकत्र असणं ही मोठी बातमी होती. आजही त्याच्या फाइली जुन्या वाटत नाहीत.

चौथा कपाटातून निघाला. मेहुण्यांनी भाचीच्या लहानपणी घेतलेला कॅनन इक्सस ७०, २००७ चा. ७.१ मेगापिक्सेल, ३५ ते १०५ मिमी, एफ २.८ ते ४.९. मागे अडीच इंची पडदा आणि वर चक्क डोळा लावून बघायची छोटी काच. चार्जर ठीक होता, बॅटरीने मान टाकली होती. आत २ जीबीचं कार्ड आणि त्यावर भाचीचा बालवाडीतला स्नेहसंमेलनाचा नाच.

कागदावरचा हिशोब

प्रकाश किती गोळा होतो हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: सेन्सरचं क्षेत्रफळ आणि लेन्सचं तोंड. इक्ससचा सेन्सर सुमारे २५ चौरस मिमी. तिच्या फोनचा मुख्य सेन्सर ५० च्या घरात. आरएक्स१०० चा ११६. म्हणजे २००७ चा इक्सस फोनच्या निम्मा, वर लेन्सही फोनच्या एफ १.८ समोर एफ २.८. दोन्ही धरले तर त्याच शटर स्पीडला, म्हणजे तेवढ्याच वेळात, फोन इक्ससच्या जवळपास पाचपट प्रकाश घेतो. आरएक्स१०० फोनच्या सव्वादोन-अडीचपट घेतो, पण फोन अनेक फोटो जोडून ती तूट भरून काढतो. त्यामुळे फ्लॅशशिवाय, हातात धरून, स्थिर माणसाचा रात्रीचा फोटो ही स्पर्धा असेल तर फोन आरएक्स१०० ला बरोबरीत आणतो आणि इक्ससचं तर काही चालत नाही.

आरएक्स१०० बद्दल अजून एक गोष्ट जाहिरातीत बारीक अक्षरांत असते. एफ १.८ फक्त २८ मिमीला. झूम केलं की तोंड भराभर बारीक होतं आणि १०० मिमीला एफ ४.९ उरतं. जवळचा चेहरा थोडा झूम करून काढायचा म्हटलं की उजळ लेन्सचा फायदा बराचसा गेलेला असतो.

या हिशोबावर थांबलो असतो तर निकाल सोपा होता: पैसे असतील तर सोनी, नसतील तर फोन. पण तिच्या नावडत्या फोल्डरमधल्या तक्रारी प्रकाश कमी पडल्याच्या नव्हत्याच. फोन जास्त प्रकाश दाखवतो, ही तक्रार होती.

फ्लॅश

इथे थोडा थांबणार आहे, कारण सगळं प्रकरण याच मुद्द्याभोवती फिरलं.

फोनमधला "फ्लॅश" म्हणजे छोटी बॅटरी-टॉर्च. छोट्या कॅमेऱ्यातला फ्लॅश म्हणजे झेनॉन वायूची नळी. कंडेन्सरमध्ये साठवलेली वीज एका झटक्यात तिच्यातून सुटते आणि सेकंदाच्या हजाराव्या भागात किंवा त्याहूनही कमी वेळात सगळा प्रकाश पडून जातो. (फ्लॅश उडाल्यावर पुढच्या फोटोआधी जो थांबा येतो आणि कधी बारीक किणकिण ऐकू येते, तो कंडेन्सर परत भरत असतो.) याचे दोन परिणाम. पहिला: हलणारी गोष्ट गोठते. दुसरा: प्रकाश अंतराच्या वर्गाने घटतो, म्हणजे दोन मीटरवरच्या चेहऱ्यावर जेवढा पडतो त्याचा चौथाईच चार मीटरवर पोचतो. समोरची माणसं लख्ख, मागची गल्ली काळी. ज्याला मुलं "डिजिकॅम लुक" म्हणतात त्यातला मोठा हिस्सा या वर्गाच्या नियमाचा आहे.

"सीसीडी सेन्सरचे रंगच वेगळे" असं भाची ऐकून आली होती. इक्ससमध्ये सीसीडी आहे, आरएक्स१०० मध्ये सीमॉस; हे सेन्सरचे दोन प्रकार. मला या दाव्यात फारसं तथ्य वाटत नाही. रंग ठरतात ते सेन्सरपुढच्या रंगगाळण्या, व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरं दिसावं म्हणून रंगांचा साधलेला तोल) आणि त्या काळच्या जेपीईजी प्रक्रियेवरून, म्हणजे कॅमेरा आतल्या आत फोटो कसा तयार करतो त्यावरून. २००७ चा कॅमेरा सावल्या उचलायचा नाही कारण त्याला ते जमत नव्हतं. काळं ते काळं, दिवा पांढराफटक. तोच फोटो आज कुणाला सीसीडीची जादू वाटतो. वाटू दे, पण त्यासाठी कुणी जुन्या कॅमेऱ्याला दुप्पट पैसे मागत असेल तर देऊ नयेत.

प्रत्यक्ष चाचणी

माझ्या एका मित्राकडे आरएक्स१०० आहे, तो उसना आणला. इक्ससला बाजारातली दुसऱ्या कंपनीची बॅटरी घातली. चाचणीचे विषय तिच्या फोल्डरमधूनच उचलले. विटांची भिंत आणि रंगांचा तक्ता यांच्या वाटेला गेलोच नाही.

सोसायटीच्या गेटजवळ, पिवळ्या दिव्याखाली, दोन मीटरवर भाची आणि शेजारची मुलगी. फोनने नेहमीसारखी दुपार केली. आरएक्स१०० ने फ्लॅशशिवाय सुंदर फोटो दिला, पिवळा प्रकाश पिवळाच ठेवला. मला तो सगळ्यात आवडला. इक्ससने फ्लॅश मारला: चेहरे सपाट, कपाळावर चमक, मागे अंधार, एकीच्या डोळ्यांत लाल ठिपका. भाचीने इक्ससचा उचलला. "हा आमचा वाटतो," एवढंच कारण. तिच्या पैशांनी घ्यायचा कॅमेरा आहे म्हटल्यावर माझी आवड मी बाजूला ठेवली.

पथकाच्या सरावाला निकाल आणखी स्पष्ट लागला. इक्ससच्या एका फोटोत ढोलावर पडायच्या बेतात असलेलं टिपरू हवेत थांबलंय, त्याच्या टोकाशी गुंडाळलेल्या चिकटपट्टीचं सुटलेलं टोक मोजता येतं आणि वादकाच्या मनगटावरचा घाम ठिपक्यांसारखा चमकतोय. फोनच्या फोटोत त्या जागी धुरकट पंखा. आरएक्स१०० नेही फ्लॅशवर हेच केलं, चेहऱ्यांत जास्त तपशिलासह. मात्र सराव मैदानात होता आणि धूळ उडत होती. फ्लॅश लेन्सला खेटून असल्याने धुळीचे कण पांढऱ्या गोळ्यांसारखे फोटोभर दिसले. पावसाच्या थेंबांचंही हेच होतं. पावसाळ्यात उघड्यावर फ्लॅश वापरणाऱ्याने ही किंमत धरून चालावं.

इक्ससच्या फ्लॅशचा पल्ला रुंद टोकाला साडेतीन मीटर, झूमला दोन. त्यापुढचं सगळं काळं. स्टेजवरचा कार्यक्रम प्रेक्षकांतून काढायचा विचारही करू नये. पुढच्या रांगेतली डोकी तेवढी उजळतात.

मग घरातला ग्रुप फोटो, आणि इथे इक्सस सपशेल आपटला. त्याचं रुंद टोक ३५ मिमी. तीन मीटरवरून त्यात जेमतेम तीन मीटर रुंदी मावते. आरएक्स१०० मध्ये पावणेचार मीटरच्या वर, फोनमध्ये सव्वाचार. डोंबिवलीच्या हॉलमध्ये तीन मीटर मागे सरकायलाच सोफा हलवावा लागतो. आजी, आत्या आणि सगळी भावंडं एका ओळीत बसवली तर दोन्ही टोकांचे अर्धे-अर्धे कापले गेले. भाचीचे वडील व्ह्यूफाइंडरला डोळा लावून "अजून जवळ या" म्हणत राहिले. त्या काचेत प्रत्यक्ष फोटोपेक्षा कमी दिसतं, त्यामुळे ते जास्तच दाटीवाटी करवत होते. शेवटी फोनच काढला.

आरएक्स१०० ने घरात एक कमाल दाखवली, तिची नोंद करायलाच हवी. त्याचा फ्लॅश वर उसळतो आणि बोटाने मागे ओढून धरला तर छताकडे बघतो. पांढऱ्या छतावरून परतून आलेला प्रकाश सगळ्या खोलीत मऊ पसरतो. आजीचा तो फोटो फ्रेम करण्यासारखा आला. चार भिंतींतले फोटो ही ज्याची मुख्य गरज असेल त्याने एवढ्या एका गोष्टीसाठीही हा कॅमेरा विचारात घ्यावा.

भर दुपारी, सूर्य पाठीमागे. या छोट्या कॅमेऱ्यांत शटर लेन्समध्येच असतं, त्यामुळे मोठ्या कॅमेऱ्यांना जिथे अडचण येते अशा वेगालाही फ्लॅश जुळतो. उन्हात फ्लॅश सक्तीने चालू करून चेहरा उजळवायचा ही जुनी युक्ती दोघांवर चालली. इक्ससमध्ये आकाश मात्र पांढरं झालं. फोनने आकाश आणि चेहरा दोन्ही सांभाळले. दिवसाच्या फोटोंसाठी फोनला हरवायच्या भानगडीत पडू नये, हे माझं मत आणखी पक्कं झालं.

वेगाचं सांगायचं तर इक्सस बटण दाबल्यावर फोकसला वेळ घेतो, फोनची सवय असलेल्याला तो आळशी वाटतो. उपाय म्हणजे बटण अर्धं दाबून फोकस धरून ठेवायचा आणि क्षण आला की पूर्ण दाबायचं. हे शिकवावं लागलं. भाचीच्या पिढीने अर्धं दाबायचं बटण पाहिलेलंच नसतं.

बोरा बाजार

तरीही आरएक्स१०० ची किंमत विचारल्याशिवाय निर्णय नको म्हणून एका शनिवारी फोर्टात बोरा बाजारात, कॅमेऱ्यांच्या दुकानांत, गेलो. तिथल्या दुकानदाराने पहिल्या मॉडेलचे बावीस हजार सांगितले, वॉरंटी दुकानाची, तीही पंधरा दिवसांची. शेजारी दुसऱ्या एका कंपनीचा त्याच तोलाचा कॉम्पॅक्ट सोळा हजारांना होता.

वापरलेला कॉम्पॅक्ट तपासायची पद्धत भाचीला तिथेच दाखवली. मोठ्या कॅमेऱ्याची लेन्स काढून सेन्सर पुसता येतो; याची काढता येत नाही. आत-बाहेर होणारी लेन्स भात्यासारखी हवा ओढते आणि तिच्याबरोबर धूळही. म्हणून ॲपर्चर (लेन्सचं तोंड) अगदी लहान, एफ ८ किंवा ११, करायचं आणि दाराबाहेर येऊन मोकळ्या आकाशाचा फोटो काढायचा. त्या सोळा हजारांच्या कॅमेऱ्यात वरच्या उजव्या कोपऱ्यात दोन करडे डाग आले, कडा मऊ, गोल. दुकानदार म्हणाला, "हे तर फोटोत दिसतच नाही." एफ २.८ ला खरंच दिसत नव्हते. पण आत धूळ शिरली आहे याची ती पावती होती आणि काढायची तर सगळा कॅमेरा उघडावा लागणार.

दुसरी तपासणी बुरशीची. मुंबई आणि कोकणपट्टीच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी धरते. फोनचा टॉर्च तिरका मारून काचेत बघायचं. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले की परत ठेवून द्यायचं, घासाघीस करायची नाही. मग लेन्स बऱ्याच वेळा आत-बाहेर करून आवाज ऐकायचा, घरघर किंवा अडखळणं नको. बॅटरीचं झाकण सहज उघडतंय का आणि बॅटरी सहज निघतेय का बघायचं. अडकत असेल तर ती फुगलेली आहे. फ्लॅश प्रत्यक्ष उडवून बघायचा. आणि कार्ड कुठलं लागतं ते विचारायचं: जुन्या ऑलिंपस आणि फुजीमध्ये एक्सडी कार्ड असतं, २०१० आधीच्या बहुतेक सोनीत मेमरी स्टिक, आणि २००६ आधीच्या पुष्कळ कॅमेऱ्यांना २ जीबीपेक्षा मोठं एसडी कार्ड ओळखताच येत नाही. कॅमेरा तीन हजारांत मिळतो आणि कार्डासाठी महिनाभर वणवण होते.

सोनीचा नग स्वच्छ होता. दुकानदार अठरा-एकोणीसपर्यंत आला असता असं वाटलं. भाचीने तो हातात घेतला, दोन-तीनदा फिरवला आणि म्हणाली, "गुळगुळीत आहे, निसटेल." पुढून खरोखर पकड नाही, लोक वरून रबराची पट्टी चिकटवतात. मग तिने विचारलं की हा कॅमेरा ग्रुपमध्ये कुणाच्याही हातात देता येईल का. मी म्हटलं, देता येईल, पण तुझं लक्ष फोटोऐवजी त्याच्या हाताकडे राहील.

निर्णय

इक्ससवर भागवायचं ठरलं. नवी बॅटरी, १६ जीबीचं कार्ड (हा कॅमेरा एसडीएचसी प्रकारचं कार्ड चालवतो, म्हणजे ३२ जीबीपर्यंत मर्यादा, ६४ चं आणलं तर वाया), फोनला लागणारा टाइप-सी कार्ड रीडर आणि मनगटात अडकवायची दोरी. सगळं मिळून दीड हजारांच्या आत.

कारणं उघड आहेत. तिला फोनहून वेगळे फोटो हवे होते, फोनहून चांगले नव्हे. ते वेगळेपण झेनॉन फ्लॅश आणि जुनी प्रक्रिया यांतून येतं, आणि दोन मीटरवरच्या चेहऱ्याला फ्लॅश मारायचा असेल तर सेन्सरच्या आकाराचा फरक बराच पुसला जातो. आरएक्स१०० ची खरी ताकद, म्हणजे फ्लॅशशिवायचा संधिप्रकाश, छतावरून उडवलेला फ्लॅश आणि नंतर हवी तशी रंगवता येणारी रॉ फाइल, तिच्या यादीत कुठेच नव्हती. सात मेगापिक्सेल पुरतात का? चार बाय सहा इंची प्रिंटला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात. इक्सस ३०७२ बाय २३०४ देतो. बाकी फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरच जायचे आणि तिथे जाताना ते आणखी लहान होणार. ए४ प्रिंटला मात्र तो थोडा तोकडा पडतो.

मेहुणे म्हणाले, "म्हणजे माझा कॅमेरा चांगला होता." तसं नाही. २००७ मध्येही तो साधाच होता. घरात कपाटात पडलेला कॅमेरा नसता तर मी तिला तीन-चार हजारांत असाच एखादा चालू स्थितीतला, साधं एसडी कार्ड घेणारा कॉम्पॅक्ट शोधायला सांगितलं असतं. आणि तिचं फोल्डर अंधारातल्या, फ्लॅश चालणार नाही अशा जागांच्या फोटोंनी भरलेलं असतं, म्हणजे गाभारे, नाट्यगृहं, लहान बाळं, तर बावीस हजारांच्या सोनीला मी अजिबात विरोध केला नसता.

वापरात आल्यावर

गणपती आणि दिवाळी दोन्ही त्यावर पार पडले. दिवाळीच्या सकाळी फडके रोडवर डोंबिवलीतली निम्मी तरुणाई नटून उभी असते. तिथे उन्हातला सक्तीचा फ्लॅश झकास चालला. तिच्या मैत्रिणी कॅमेरा न विचारता उचलतात, त्यामुळे पहिल्यांदाच ती स्वतः बऱ्याच फोटोंत आहे.

कुरबुरीही आहेत. व्हिडिओ ६४० बाय ४८० चा, तो ती फोनवरच काढते. फ्लॅश बंद ठेवून संध्याकाळी काढलेले फोटो हलतात. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ४०० च्या वर गेलं की कण दिसतात आणि ८०० ला रंग मातकट होतात. नवी बॅटरी कॅननने मूळ बॅटरीसाठी दिलेल्या २१० फोटोंच्या आकड्याच्या जवळही जात नाही. अशी दुसरी बॅटरी घ्यावी लागली. बॅटरी बराच काळ बाहेर राहिली की तारीख पुसली जाते आणि ती पुन्हा न भरल्याने एका संध्याकाळचे सगळे फोटो फोनच्या गॅलरीत २००७ च्या जानेवारीत जाऊन बसले. पावसाळ्यात कॅमेरा हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवायचा नियम तिच्या आईने लावला आहे, आणि तो आई स्वतःच पाळून घेते.

फोटो पाठवायला उशीर होतो ही मैत्रिणींची तक्रार. घरी जाताना लोकलमध्ये बसायला मिळालं तर ती कार्ड रीडर लावून निवडक फोटो फोनवर घेते. उभं राहावं लागलं तर दुसऱ्या दिवशी. माझ्या मते हा तोटा नाही, तिच्या मते आहे.

पुढच्या वर्षी तिला एका जुन्या वाड्याचं मोजमाप आणि चित्रण करायचं आहे. तिथे अरुंद चौक, अंधारे जिने, लाकडावरची नक्षी. ३५ मिमीचा इक्सस तिथे निरुपयोगी आहे आणि २८ मिमीचा आरएक्स१०० सुद्धा काठावरच. उरलेले पैसे तिने त्यासाठी ठेवले आहेत आणि या वेळी अटी तिने स्वतः लिहून काढल्यात: रुंद टोक २४ मिमी किंवा त्याहून रुंद, रॉ फाइल, छोट्या ट्रायपॉडला लागणारं भोक, आणि उभ्या रेषा उभ्याच राहतात का ते दुकानातल्या दाराच्या चौकटीवर तपासणं. फ्लॅश त्या यादीत नाही.